भाषा निवडा : एका प्रणालीच्या प्रतिष्ठापनेचा इतिहास

संगणकात कार्यप्रणाली घालण्याच्या क्रियेला मराठीत एक नाव नाही. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा ‘टाकतो’ म्हणतो, थोडा जाणकार असेल तर ‘बसवतो’ म्हणतो, आणि लिनक्सचे मराठीकरण करणाऱ्या मंडळींनी पडद्यावर ‘प्रतिष्ठापन’ हा शब्द योजला. तो प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले होते, कारण आपल्याकडे प्रतिष्ठापना होते ती गणपतीची. पुढे ते काम स्वतः अनेकदा केल्यावर मात्र शब्द फारसा चुकलेला नाही असे वाटू लागले. धातू, काच आणि सिलिकॉन यांचा निश्चल गोळा कोणत्यातरी एका क्षणी उत्तर देऊ लागतो. तो क्षण कसा आणावयाचा, याची रीत गेल्या अर्धशतकात कशी बदलत गेली, आणि त्या रीतीत आपल्या भाषेला जागा केव्हा मिळाली, एवढाच या लेखाचा विषय आहे. हीरक महोत्सवी अंकासाठी संपादक मंडळाने मला संगणक-कक्षाविषयी लिहिण्यास सांगितले होते. त्या कक्षाची हकीकत शेवटी येईल, आणि ती सर्वस्वी भूषणावह नाही.

आपली शाळा पाच वर्षांची झाली त्या सुमारास, म्हणजे १९६९ साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. मल्टिक्स नावाच्या एका प्रचंड प्रकल्पातून प्रयोगशाळेने अंग काढून घेतले होते आणि नव्या मोठ्या यंत्रासाठी पैसा मिळत नव्हता. थॉम्पसनने अडगळीत पडल्यासारखे असलेले पीडीपी-७ हे यंत्र हाती घेतले. त्या यंत्रावर सुरुवातीला काहीच नव्हते. म्हणून आज्ञावली दुसऱ्या मोठ्या संगणकावर जुळवायची, तिची छिद्रे पाडलेली कागदी पट्टी काढायची आणि ती पट्टी हाताने नेऊन पीडीपी-७ मध्ये घालायची, असा क्रम होता. युनिक्सची पहिली प्रतिष्ठापना ही अशी, पट्टी हातात घेऊन चालत जाऊन झाली. १९७१ मध्ये ही प्रणाली पीडीपी-११ वर आली आणि १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. या दुसऱ्या घटनेचे महत्त्व येथे विशेष आहे, कारण त्यामुळेच प्रणाली एका जातीच्या यंत्राची बटीक राहिली नाही.

बेल प्रयोगशाळा ज्या एटी अँड टी कंपनीची, तिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार दूरध्वनीखेरीज अन्य धंद्यात पडण्यास बंधन होते. त्यामुळे युनिक्स विकता येत नसे. विद्यापीठांना मात्र नाममात्र शुल्क घेऊन मूळ आज्ञावलीसह ते दिले जाई. सोबत कोणतीही हमी नसे, दुरुस्तीचे आश्वासन नसे. टपालाने चुंबकीय फीत येई आणि पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. या ‘ज्याचे त्याने पाहायचे’ मधूनच जगभरच्या विद्यापीठांत युनिक्स जाणणारी एक पिढी तयार झाली.

ती फीत आल्यावर काय करावयाचे हे सांगणारी, चार्ल्स हेली आणि रिची यांनी जानेवारी १९७९ मध्ये लिहिलेली सातव्या आवृत्तीची एक छोटी टिपणी उपलब्ध आहे. मला ती एखाद्या जुन्या पोथीइतकी प्रिय आहे. यंत्राच्या दर्शनी फळीवरील खटके वरखाली करून काही अष्टमान संख्या स्मृतीत घालायच्या. तेवढ्या आज्ञांच्या बळावर यंत्र फितीचा पहिला भाग वाचते. मग ते प्रश्न विचारते. तबकडीवर फाइल-व्यवस्था केवढी हवी? टिपणीतले उत्तर ५००० खंड, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे साधारण अडीच मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र पुष्कळदा याहून मोठे असते. नंतर फितीवरचा मजकूर तबकडीवर उतरवण्याआधी यंत्र एक वाक्य उमटवते. त्याचा आशय असा, की तबकडीवर गिरगटण्यापूर्वी ही शेवटची संधी आहे. कळ दाबली की जुने गेले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

इथपर्यंत झाली ती प्रतिष्ठापना. पुढे संयोजना, म्हणजे प्रणालीला आपल्या जागेशी जुळवून घेणे. आपल्याकडे कोणती तबकडी आहे, कोणता मुद्रक आहे, किती टंकपटल जोडले आहेत, हे एका यादीत लिहून गाभा पुन्हा संकलित करावा लागे. मला सर्वांत उद्बोधक वाटते ती वेळेची नोंद. स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पश्चिमेला किती मिनिटे, ही संख्या थेट मूळ आज्ञावलीत कोरलेली होती आणि ती होती न्यू जर्सीची : पाच गुणिले साठ. भारतात हे यंत्र लावायचे तर तेथे उणे ३३० लिहून सर्व गाभा पुन्हा घडवणे आले. करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. आपण जेथे उभे आहोत तेथूनच जग मोजले जाते, असे प्रत्येक घडवणाऱ्याला सहज वाटते, इतकेच.

भारतात युनिक्स आले ते मुख्यतः १९८० च्या दशकात. बँकांच्या शाखांमध्ये खातेवह्यांची नोंद करणारी यंत्रे बसू लागली, त्यांपैकी पुष्कळांवर युनिक्स असे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभीच्या काळात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि आयआयटी यांच्यात युनिक्सच्याच साहाय्याने ई-पत्रे जाऊ-येऊ लागली. परंतु हे सारे संस्थांच्या वातानुकूलित खोल्यांतले जग होते. शाळेत, घरात, कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या वर्गात ते पोचण्याचे कारण नव्हते.

ते पोचवले एका विद्यार्थ्याने. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची लहानशी युनिक्ससदृश प्रणाली रचली होती. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा मुलगा आपल्या नव्या ३८६ संगणकावर मिनिक्स वापरत होता, आणि त्याच यंत्राचे गुण नीट समजावेत म्हणून त्याने स्वतःचा गाभा लिहायला घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने तो जाहीर केला, सप्टेंबरात पहिली आवृत्ती ठेवली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालवलेल्या ग्नू प्रकल्पातील संकलक आणि इतर साधने हाताशी नसती तर नुसत्या गाभ्याचा उपयोग झाला नसता. त्या प्रकल्पाचे श्रेय मराठीत फार कमी वेळा दिले जाते म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

या पहिल्या लिनक्सला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नव्हते; ते घडवायला मिनिक्स असलेले यंत्र लागे. आणि त्याचा कळफलक फिनिश होता. निवडीची सोयच नव्हती. फिनिश नको असेल तर आज्ञावलीतील ती फाइल स्वतः बदलायची. बेलच्या घड्याळात न्यू जर्सी, लिनसच्या कळफलकात फिनलंड.

टॉरवाल्ड्सने पुढे स्वतः सांगितलेली एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. विद्यापीठाच्या संगणकाशी जोडण्यासाठी मोडेमला पाठवायच्या आज्ञा त्याने एकदा चुकून आपल्याच तबकडीकडे वळवल्या आणि जेथे मिनिक्स होते तो भाग बिघडवला. आता मिनिक्स पुन्हा बसवायचे की स्वतःच्याच प्रणालीवर पूर्णपणे यायचे? त्याने दुसरा मार्ग धरला. पुसून गेलेल्या तबकडीमुळे कोणाचे भले झाल्याचे उदाहरण मला एवढे एकच ठाऊक आहे.

१९९२ च्या आरंभी लिनक्सला ग्नूचा सार्वजनिक परवाना लागू झाला. आधीच्या अटीत प्रती वाटण्यासाठी पैसे घेण्यास मनाई होती. ती गेल्यामुळे फ्लॉपी, आणि पुढे सीडी, तयार करून विकणे शक्य झाले. इतरांना बसवता येतील असे संच लगेच निघू लागले. त्याच वर्षी मँचेस्टरच्या संगणक केंद्राने एक संच केला, १९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंगचा स्लॅकवेअर आला आणि ऑगस्टमध्ये इयान मर्डॉकने डेबियनची घोषणा केली. स्लॅकवेअरच्या फ्लॉप्यांना अक्षरांनी ओळखत : ‘ए’ मालिकेत मूळ प्रणाली, ‘डी’ मध्ये प्रोग्रामिंगची साधने, ‘एन’ मध्ये जाळे, ‘एक्स’ मध्ये चित्रमय पडदा. वीस-पंचवीस फ्लॉप्या एकामागून एक घालत बसायचे, आणि एकोणिसावी नासकी निघाली की पुन्हा कोठेतरी जाऊन तिची प्रत करून आणायची.

सर्व फ्लॉप्या वाचल्या गेल्या तरी यंत्र सुरू होईलच असे नव्हते. लिलो नावाचा आरंभक आपल्या नावाची चार अक्षरे टप्प्याटप्प्याने उमटवी. प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार पडल्याची खूण. पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ एवढेच येऊन सारे थिजले, तर समजायचे की दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू शकला नाही. बहुधा तबकडीच्या रचनेविषयी यंत्राची आणि लिलोची समजूत वेगळी असे. जुन्या यंत्रांच्या मूळ आज्ञावलीला तबकडीच्या १०२४ व्या वर्तुळापलीकडे पोचता येत नसे, म्हणून गाभा त्याच्या अलीकडेच ठेवावा लागे. चित्रमय पडद्याची संयोजना याहून जिवावरची. आपल्या मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता किती, हे स्वतः लिहायचे. चुकीचे आकडे दिल्यास मॉनिटर बिघडू शकतो अशी ताकीद सोबत असे. आपल्याकडे मॉनिटर महिन्याच्या पगाराहून महाग असण्याचा तो काळ. मॉनिटरची माहितीपुस्तिका हरवलेली आणि मागे उभे राहून पाहणारे वडील, अशा परिस्थितीत ते आकडे लिहिण्याचा अनुभव ज्याने घेतला तो विसरणार नाही.

भारतात इंटरनेटची सार्वजनिक सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, पण त्या वेगाने संपूर्ण प्रणाली उतरवून घेणे ही कल्पनाच व्यर्थ होती. तिचा प्रसार झाला तो मासिकातून. पीसीक्वेस्टने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास आरंभ केला. या उपक्रमामागे बंगळूरचे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. महाराष्ट्राबाहेर राहून देशभरच्या तरुणांना एका विद्येची गोडी लावणाऱ्या मराठी नावांत हे नाव आपल्या वाचकांना ठाऊक असावे. अनेक गावांत ती एक सीडी हातोहात फिरे, आणि शेवटी इतकी ओरखडलेली परत येई की कोणाच्याच यंत्रात वाचली जात नसे.

आता भाषेकडे वळतो. देवनागरी संगणकात आणण्याचे काम आपल्याकडे लवकर सुरू झाले होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र, इस्की ही १९९१ मध्ये प्रमाणित झालेली संकेतावली आणि इनस्क्रिप्ट कळफलक ही त्याची फळे. युनिकोडने देवनागरीची मांडणी मुख्यत्वे इस्कीवरूनच घेतली. इनस्क्रिप्टचा एक गुण महाराष्ट्राबाहेरच्या शाळेला फार मोलाचा आहे : सर्व भारतीय लिप्यांत एका ध्वनीची कळ एकच. ‘क’ ज्या कळीवर देवनागरीत, त्याच कळीवर तेलुगू, बंगाली वा गुजरातीत. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर राज्याची भाषा आणि बाजारात हिंदी बोलतात. बोटांना मात्र एकदाच शिकावे लागते.

तथापि लिनक्सच्या प्रतिष्ठापनेचा पडदा देवनागरीला दीर्घकाळ बंद होता. त्याचे कारण तांत्रिक असले तरी समजण्यास कठीण नाही. तो पडदा अक्षरांच्या चौकटींचा असे. प्रत्येक चौकटीत एक ठसा, आणि एकूण ठसे २५६, फार तर ५१२. इंग्रजीला ते पुरून उरतात. देवनागरीत काना-मात्रा अक्षराला बिलगतात, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येऊन लिहिताना आधी बसते, जोडाक्षरे शेकडो. चौकटीत ती मावत नाहीत. म्हणजे प्रणाली सुरू झाल्यावर चित्रमय पडद्यावर मराठी दाखवणे एकवेळ शक्य होते, पण ‘तुमची भाषा कोणती’ हा पहिलाच प्रश्न मराठीत विचारणे शक्य नव्हते. डेबियनच्या २००७ च्या आवृत्तीत चित्रमय प्रतिष्ठापक आला आणि हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ या भाषांना दार उघडले. २००९ च्या आवृत्तीत त्या यादीत मराठी आली.

दरम्यान इतर घडामोडी झाल्या होत्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले. भारत सरकारच्या पाठबळाने चेन्नईच्या सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस ही प्रणाली २००७ मध्ये काढली. केरळने तर आपल्या सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण टप्प्याटप्प्याने मुक्त प्रणालीवर नेले आणि शालान्त परीक्षेची प्रात्यक्षिकेही तिच्यावर घेतली. हे तेथे जमले, कारण सरकारने आधी शिक्षकांना शिकवले. केवळ यंत्रे पाठवून दिली असती तर काय झाले असते, हे इतरत्र पाहावयास मिळते.

एका अक्षराची गोष्टही सांगितली पाहिजे. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे वेगळे शब्द आहेत. पहिला गुरुजनांना उद्देशून, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांना. दुसऱ्यातला तो पापणीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. इस्कीपासून त्याची सोय नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ने केलेली आहे, पण ज्या प्रणालीला किंवा फॉन्टला ती ठाऊक नसे, ती सर्व आचाऱ्यांना आचार्य करून टाकी. मराठीची स्वतंत्र दखल घेतली गेली की नाही हे पाहण्याची माझी कसोटी अजूनही हीच आहे.

आता आपला कक्ष. २०१० च्या मे महिन्यात एका कार्यालयाने मोडीत काढलेले आठ संगणक शाळेला मिळाले. त्यांत आणि शाळेच्या जुन्या दोन यंत्रांत लिनक्स घालण्याचे काम मी, एक माजी विद्यार्थी म्हणून, स्वीकारले. पहिल्या यंत्राच्या पडद्यावर भाषांची यादी आली, तीत ‘मराठी’ दिसले, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुन्हा घातला. आपल्या राज्यात मराठी शाळेची मान्यता टिकवण्यासाठी दरवर्षी पटसंख्येचे कागद घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला एका परक्या यंत्राने आपण होऊन मराठीत विचारले, याचे काय वाटले असेल हे मला त्या वेळी पूर्ण कळले नाही. वेळ निवडताना भारताच्या नावापुढे एकटे कोलकाता पाहून मुले हिरमुसली. त्यांना आपले शहर हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या जुन्या यंत्राकडे वळलो. डेबियनचा प्रतिष्ठापक तबकडीवर लिहिण्यापूर्वी विचारतो, आणि आधीच निवडून ठेवलेले उत्तर ‘नाही’ असते. सातव्या आवृत्तीतील त्या वाक्याचाच हा वंशज. आठ रिकाम्या यंत्रांवर ‘होय’ म्हणण्याची हाताला सवय झाली होती. मी नवव्यावरही ‘होय’ म्हटले.

त्या तबकडीवर शाळेच्या चाळिसाव्या वर्षी, २००४ मध्ये, एका निवृत्त शिक्षकांनी गोळा केलेल्या आठवणी होत्या. शाळेचे पहिले वर्ग भाड्याच्या दोन खोल्यांत भरत, त्या काळच्या अकरा जणांच्या. सहा त्या वर्षीच्या अंकात छापल्या गेल्या. जागेअभावी राहिलेल्या पाच केवळ तेथेच होत्या. त्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेल्या होत्या, तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी चिन्हे दिसत. पण अशा मजकुराचे रूपांतर करता येते, पुसलेल्याचे येत नाही. प्रत घेतली आहे का, असा एक प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता. शाळेने मला कधी दोष दिला नाही. त्या निवृत्त शिक्षकांना मी जाऊन सांगितले, तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. चौदा वर्षांनी ही गोष्ट येथे छापून येत आहे, ती मी संपादकांना विनंती केली म्हणून.

त्या पाचांपैकी तिघे आज हयात नाहीत. उरलेल्या दोघांकडे या वर्षी नववीची मुले गेली, बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि कक्षातील यंत्रांवर बसून लिहून काढले. त्याच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. दोन्ही आठवणी या अंकात पुढे वाचावयास मिळतील. त्यांपैकी एकीत पहिल्या स्नेहसंमेलनाच्या जेवणाचा प्रसंग आहे : पैसे कमी पडले, आणि आचाऱ्यांनी आपली मजुरी सोडून दिली. लिहिणारी मुलगी त्या शब्दाशी अडली आणि ‘काका, हा र कुठे आहे?’ म्हणून विचारू लागली. शिफ्ट दाबून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरप्या रेघेची कळ, असे मी तिला सांगितले.